एका नाकारलेल्या शिष्यवृत्तीची गोष्ट

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला गुणपत्रिका आठवते. पण गुण असूनही ती मिळाली नाही, असं एक उदाहरण आज आपण पाहू.

१८७० साली एडिंबरा विद्यापीठात एडिथ पीची या विद्यार्थिनीने रसायनशास्त्राच्या परीक्षेत होप शिष्यवृत्तीवर हक्क सांगता येईल एवढे गुण मिळवले. केवळ स्त्री म्हणून ती तिला नाकारली आणि तिच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला दिली. हीच पीची पुढे डॉक्टर होऊन १८८३मध्ये मुंबईत आली, कामा हॉस्पिटलच्या कामासाठी.

लवकरच मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. १८८७मध्ये न्यायालयाने बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या! १८८८मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

आता त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पीचीबाईंनी पाठबळ दिलं, समर्थकांनी निधी जमवला, शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८९४मध्ये पात्रता मिळवून परतल्या. मग सुरत आणि राजकोट इथे त्यांनी कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले.

आजच्या अर्जात आपण गुण विचारतो, उत्पन्न विचारतो. अन्यायापुढे कोण ठाम उभं राहिलं, यासाठी रकाना कुठे असतो? रखमाबाईंना पैसे देणाऱ्यांना मात्र ते आधीपासूनच ठाऊक होतं.