राबाचा धूर

वैशाखाच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावरील एखाद्या कड्यावर उभे राहून खाली कोकणाकडे दृष्टी टाकली, तर डोंगरांच्या ओळी एकामागून एक धुरकट पांढरेपणात विरून गेलेल्या दिसतात, क्षितिज नाहीसे झालेले असते, आणि तापलेल्या कातळावरून उठणाऱ्या झळांबरोबर जळलेल्या पानांचा व शेणाचा एक उग्र, परंतु ज्याने तो बालपणी हुंगला आहे त्याला जन्मभर प्रिय वाटणारा वास येत राहतो. आगगाडीच्या खिडकीतून हे पाहणारा म्हणतो, डोंगर पेटले आहेत. डोंगर पेटलेले असतातही. पण त्या धुरात दोन धूर मिसळलेले असतात, आणि ते वेगळे ओळखता न आल्यामुळे सह्याद्रीच्या रयतेला इंग्रजी अमलात फार सोसावे लागले.

पहिला धूर वणव्याचा. पावसाळ्यात माणूसभर वाढलेले गवत पौष-माघापर्यंत वाळून कडकडीत होते, आणि मग कोणाच्या विडीची ठिणगी, कोणाचा नव्या चाऱ्याचा लोभ, एवढे निमित्त पुरते. आपल्याकडे वीज वळिवाच्या सरींसोबतच येत असल्याने आभाळातून लागलेला वणवा विरळा; लावतो तो बहुधा माणूसच. दुसरा धूर राबाचा. कुठे त्याला राब भाजणे म्हणतात, कुठे दाढ भाजणे. आणि हा धूर म्हणजे भातशेतीचा पहिला संस्कार होय.

त्याची रीत सांगितली पाहिजे, कारण ती जितकी साधी दिसते तितकी नाही. थंडीच्या दिवसांत ऐन, किंजळ इत्यादी झाडांची कवळे तोडून वाळत टाकावयाची. ज्या तुकड्यात रोप करावयाचे तेथे आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा एक हात फिरवावयाचा, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. वारा पडलेला पाहून, आणि असलाच तर त्याच्या उलट दिशेने ती चालेल अशा बेताने, ती लावावयाची. मागे उरते ती भाजून भुसभुशीत झालेली काळी जमीन. तिच्यात पेरलेल्या बियाण्याचा तरवा जोमदार येतो आणि तणही थोडे उगवते.

या सगळ्याचा शत्रू आणि मित्र एकच, तो म्हणजे वळीव. चैत्र-वैशाखात देश तापून भट्टी झाला, समुद्रावरून येणारी ओल त्या तापलेल्या हवेत वर चढू लागली, की तिसऱ्या प्रहरी आभाळ अकस्मात काळवंडते, धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात आणि घटकाभरात ओढे वाहू लागतात. राब भाजण्यापूर्वी असा पाऊस आला तर कवळ भिजून पेटत नाही; भाजल्यानंतर उतारावर जोराचा आला तर राखच वाहून जाते; आणि तोच अगदी पेरणीच्या तोंडी बेताने आला तर राख मातीत बसून सोन्यासारखे काम होते. म्हणून डोंगरातला कुणबी वैशाखभर जमिनीपेक्षा आभाळाकडेच अधिक पाहत असे, आणि रोहिणी-मृगाची जी गणिते त्याच्या तोंडी असत ती त्याच्या रोजच्या भाकरीची होती.

जंगलखात्याने ही विद्या वणव्याच्याच सदरात घातली. मुंबई इलाख्याच्या जंगलांवर १८४७ साली पहिला संरक्षक नेमला गेला तो डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. हा गृहस्थ त्यापूर्वी पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक होता, आणि झाडी तुटल्याने कोकणातील झरे आटत चालले आहेत, ही त्याची काळजी खोटी नव्हती; कुमरी व दळीसारख्या फिरत्या शेतीवर त्याने कटाक्ष ठेवला तो द्वेषाने नव्हे, हे मला मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या झाडीवर गोदीतील जहाजांसाठी लागणाऱ्या सागवानाची कुऱ्हाडही चालत होती, आणि कायद्याचा बडगा बसला तो मात्र डोंगरातल्या रयतेवरच.

१८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली गेली आणि तिच्या आत विस्तव लावणे गुन्हा ठरला. जमाबंदीच्या कागदांत भातजमिनीला जोडून जी वरकस जमीन असे, ती नाचणी-वरीपुरती नव्हती. राबासाठी गवत आणि कवळ तेथूनच येई. आता पिढ्यान्‌पिढ्यांची ही वहिवाट सरकारी मेहेरबानीवर अवलंबून राहिली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फिर्यादी इतक्या वाढल्या की १८८५ साली चौकशीसाठी मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले, आणि १८८७ साली त्याचा अहवाल झाला. ज्या काथोडी आदिवासींना दळीच्या उतारांखेरीज दुसरी जमीनच नव्हती, त्यांची अवस्था तर कुणब्याहूनही कठीण होती. पुढे १९३० साली जंगल सत्याग्रहाची लाट उसळली आणि २५ सप्टेंबर रोजी उरणजवळच्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार होऊन माणसे पडली, त्यामागे हा पन्नास वर्षांचा साचलेला राग होता, असे मी समजतो.

राब हा अडाणीपणा आहे की विद्या, हा प्रश्न मात्र दफ्तरांत सुटणारा नव्हता. त्यासाठी माती हाती घ्यावी लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाच्या पद्धतीवर १९१२ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. केवळ राखेच्या खतावरून राबाचा गुण उलगडत नाही, जमीन तापण्यालाच स्वतंत्र महत्त्व आहे, असे त्यांना आढळले. कुणब्याने ही गोष्ट शब्दांत कधी मांडली नसेल, पण तो पूर्वीपासून राब ‘जाळणे’ म्हणत नाही, ‘भाजणे’ म्हणतो.

राबाची किंमत डोंगर चुकवतो, हेही तितकेच खरे. वर्षानुवर्षे कवळ तोडलेली ऐनाची झाडे खुंटून जातात आणि उघड्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहू लागते. म्हणूनच डॉक्टर नारायण सावंतांनी पुढे रुळवलेल्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला हिरवाच चिखलात गाडतात. रोपवाटिकेत मात्र भाताच्या तुसाची काळी राख अजून मिसळतात, आणि ते पाहून मला फार समाधान वाटते.

ज्येष्ठाच्या तोंडावर एक मोठा वळीव होऊन गेला की हवेतला सारा धूर एका रात्रीत धुऊन निघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महिनाभर हरवलेले डोंगर हाताला लागतील इतके जवळ आलेले दिसतात. त्या स्वच्छ उजेडात उतार नीट निरखावेत. वणव्याचा काळा डाग वाऱ्याने नेला तसा, वाटेल तिकडे पसरलेला असतो. राबाच्या काळ्या तुकड्याला चार कोपरे असतात, कडेला बांध असतो, आणि मृग बरसून आठवडा लोटला की त्या चौकोनात, आसपासचे सारे रान अजून करपलेले असता, पोपटी तरवा वर आलेला असतो.