बोटीची वेळ, गळाची वेळ

परवा रात्री पुण्याहून नातवाचा फोन आला. "आबा, दिवाळीनंतर आम्ही मित्र मुंबई-गोवा क्रूझला चाललोय. मुरगावला बोट दिवसभर थांबणार. तेवढ्यात मालवणला जाऊन होडी ठरवतो आणि गळ टाकून सुरमई धरतो. तुमच्या ओळखीचा कुणी होडीवाला आहे का?"

आता गंमत बघा. मी राहतो गगनबावड्यात. इथे पाण्याला तोटा नाही, पण ते सगळे आभाळातून पडणारे! तरीही पोराने विचारले ते अगदीच अस्थानी नव्हते. करूळ घाट उतरला की वैभववाडी, पुढे तळेरे आणि तिथून खाली विजयदुर्ग किंवा देवगड. लहानपणी आम्ही मुंबईच्या काकांकडे एकदा देवगडहून बोटीने गेलो होतो. त्या काळी 'बोट' म्हणजे कोकणबोट. 'रोहिदास', 'चंपावती' ही नावे जुन्या मंडळींना अजून आठवतील. डेकवर चादर टाकून जागा धरायची, आणि बोट हलायला लागली की निम्मी माणसे आडवी.

पण माझ्या लक्षात राहिला तो पडाव. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या असे सगळे पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. बोटीला तिचे वेळापत्रक आणि पडावाला भरती-ओहोटी. दोन्हींचा मेळ घालायचा तो तांडेलाने. तो "बसा" म्हणाला की बसायचे, "थांबा" म्हणाला की थांबायचे. तिथे मामलेदाराचेही काही चालत नसे.

हौशी मासेमारीचा इतिहास वाचताना मला हाच तांडेल पुन्हा भेटला, आणि तोही थेट अमेरिकेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या ॲव्हलॉन गावात सुट्टी घालवायला लोक आगबोटीने येत आणि स्थानिक नावाड्याची होडी भाड्याने घेऊन मासे धरत. आज ज्याला 'फिशिंग चार्टर' म्हणतात ते हेच, म्हणजे अख्खी होडी तांडेलासकट ठरवायची. लोक जाड दोरीने मासे ओढून काढत आणि पुष्कळसे वायाच घालवत. चार्ल्स होल्डर नावाच्या निसर्गलेखकाला ते बघवेना. १८९८ साली त्याने स्वतः काठी आणि बारीक दोरी वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना धरला. त्या माशाने होडी कितीतरी तास ओढत नेली म्हणतात! त्याच वर्षी होल्डरने ट्यूना क्लब काढला. बारीक दोरी वापरायची आणि मासा होडीपर्यंत ज्याचा त्याने आणायचा, असे त्याचे नियम. खेळ म्हणून समुद्रातली मासेमारी जगभर पसरली त्यात या नियमांचा मोठा वाटा आहे. होल्डरचे नाव झाले. होडी सांभाळणाऱ्या जिम गार्डनरचे नाव मात्र शोधावे लागते. मला विचाराल तर निम्मा मासा त्याचा.

असो. नातवाला मी आधी नकाशा उघडायला लावला. मुरगाव ते मालवण शंभर किलोमीटरच्या वर. जाण्यायेण्यातच दिवस संपेल, गळ टाकणार कधी? होडी गोव्यातच ठरव म्हटले, आणि तीही अर्ध्या दिवसाची. जहाज सुटायच्या वेळेपासून उलटे मोजायचे. शिडी काढण्याच्या निदान दोन तास आधी पाय धक्क्यावर हवेत. मोठ्या जहाज कंपन्या सहसा स्वतः ठरवून दिलेल्या सहलीसाठी थांबतात. आपली आपण ठरवलेली होडी उशिरा आली तर जहाज निघून जाते. स्वस्तात होडी मिळाली आणि पुढे मुंबईपर्यंत गाडीभाडे भरले, तर शहाणपण कसले? धरलेला मासा जहाजावर नेऊ देतात का, हेही आधी विचारायला सांगितले. नाहीतर एवढी सुरमई घेऊन पोरे धक्क्यावर उभी!

दिवाळीनंतरचा बेत आहे हे मात्र बरे. १ जून ते ३१ जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. कोकणबोटही पावसाळ्यात बंदच असायची.

आणि एक गोष्ट मी दोनदा सांगितली. होडीत सगळ्यांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे आहेत का ते मोजून बघ, आणि तांडेल "आज नको" म्हणाला तर पैसे बुडाले तरी चालतील, पण हुज्जत घालू नकोस. त्याला वाटले आबा उगाच घाबरवतात. मग मी त्याला 'रामदास' बोटीची हकीकत सांगितली. त्याने ते नावही ऐकले नव्हते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढाची अखेर. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' रेवसला निघाली. बोट माणसांनी खच्चून भरलेली. वाटेत वादळी लाटांनी ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली त्यांतली पुष्कळशी कोळ्यांमुळे वाचली. रेवसहून मासळी भरून ते मुंबईच्या बाजाराला निघाले होते. पाण्यात माणसे दिसली तशी त्यांनी सगळी मासळी समुद्रात फेकून दिली आणि होड्या माणसांनी भरल्या.