ऊर्ध्वाधर तिरळेपणा : निदानपद्धतीचा विकास

एक नेत्रगोल दुसऱ्याच्या तुलनेने वर किंवा खाली वळलेला असल्यास त्या स्थितीस ऊर्ध्वाधर तिरळेपणा म्हणतात. तो स्नायुदौर्बल्याने अचानक उद्‌भवल्यास एकच वस्तू वर-खाली अशी दोनदा दिसते (द्विदृष्टी). प्रत्येक डोळ्याच्या सहा स्नायूंपैकी वरचा व खालचा ऋजू आणि वरचा व खालचा तिर्यक् हे चार नेत्रगोल वर-खाली फिरवितात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या आठ स्नायूंतून दुर्बल स्नायू हुडकणे हा निदानातील मुख्य प्रश्न होय.

वरचा तिर्यक् स्नायू चौथ्या मस्तिष्क तंत्रिकेच्या अधीन असतो. ही लांब व बारीक तंत्रिका डोक्यास मार बसल्यास दुखावू शकते. द्विदृष्टी टाळण्यासाठी रुग्ण डोके विरुद्ध खांद्याकडे कलते ठेवतो. मुलांतील असा कल मानेचा विकार समजला जाऊन डोळ्यातील मूळ दोष दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

बर्लिन येथील आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे (१८२८–७०) यांनी १८६७ मध्ये नेत्रस्नायूंच्या पक्षाघाताच्या लक्षणांचे पद्धतशीर विवेचन केले. फ्रांट्स हॉफमान व आल्फ्रेट बील्शोव्हस्की (१८७१–१९४०) यांनी १९०० मध्ये डोक्याच्या कलाचाच निदानासाठी उपयोग केला. डोके उजवीकडे कलविल्यास उजवा डोळा आतल्या बाजूस पिळला जातो. हे कार्य वरचा तिर्यक् व वरचा ऋजू हे स्नायू मिळून करतात. तिर्यक् दुर्बल असल्यास ऋजू स्नायूच्या उचलण्याच्या क्रियेला विरोध उरत नाही व डोळा अधिक वर जातो.

अमेरिकन नेत्रवैद्य मार्शल पार्क्स (१९१८–२००५) यांनी १९५८ मध्ये याला त्रिपदी परीक्षेचे रूप दिले. कोणता डोळा वर आहे, कोणत्या बाजूस पाहताना फरक वाढतो आणि डोके कोणत्या खांद्याकडे कलविल्यास तो वाढतो, या तीन प्रश्नांनी आठ स्नायूंतून अनुक्रमे चार, दोन व अखेर एक उरतो.

एकाहून अधिक स्नायू दुर्बल असल्यास किंवा एखादा स्नायू आखडलेला असल्यास ही परीक्षा फसवी ठरते. मस्तिष्क स्तंभातील विकारही असेच चित्र निर्माण करतो. म्हणून रुग्णाला बसवून व उताणे निजवून तुलना करण्याची पद्धत मांडण्यात आली. निजल्यावर फरक निम्म्याने वा अधिक घटल्यास मस्तिष्काच्या तपासणीची निकड असते. उलट, बालपणीच्या छायाचित्रांतही डोके कलते दिसल्यास दोष जुना असल्याचे सूचित होते. या प्राथमिक परीक्षांना महागडी उपकरणे लागत नसल्याने लहान गावातील दवाखान्यातही त्या करता येतात.