पहिला सिरीयस कॅमेरा घेताय? बजेट नुसत्या बॉडीचं नको, पूर्ण किटचं करा

पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी ६० हजार रुपये साठवले होते. त्यातले ५७ हजार बॉडी आणि सोबतच्या १८-५५ किट लेन्सवर गेले, उरलेल्यात कार्ड आणि बॅग. महिन्याभरात ताईची हळद आली. संध्याकाळची वेळ, हॉलमधले मंद दिवे. माझे निम्मे फोटो हलले, बाकीच्यांत नुसता नॉइज. आईने फ्रेमसाठी निवडला तो मामेभावाच्या फोनमधला फोटो! चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझ्या हिशोबाची होती.

फोन का जिंकला?

सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो. आकार साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये किंचित लहान. फोनच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी पट मोठा. पण प्रकाश आधी लेन्समधून आत यायला हवा ना! लेन्समधली प्रकाशाची खिडकी म्हणजे अ‍ॅपर्चर. एफचा आकडा जितका लहान, तितकी ही खिडकी मोठी. किट लेन्स पूर्ण झूम केली की खिडकी एफ/५.६ पर्यंतच उघडते. बऱ्याच फोनची मुख्य लेन्स एफ/१.८ च्या आसपास असते. सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर एफ/१.८ मधून जवळपास साडेनऊ पट जास्त प्रकाश पडतो. शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा मी लेन्सपाशीच घालवला होता.

पैसे कसे वाटायचे?

आता कुणी विचारलं तर मी हा हिशोब सांगतो:

• बॉडी (किट लेन्ससह असली तरी): ५० टक्के
• एफ/१.८ ची एक लेन्स: ३० टक्के
• जादा बॅटरी, कार्ड, बॅग: २० टक्के. व्हिडिओ करणार असाल तर कार्डवर व्ही३० लिहिलेलं बघा. म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याचा वेग.

बॉडी काही वर्षांनी जुनी वाटते, पण माउंट तोच ठेवलात तर लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते.

कोणती लेन्स?

५० मिमी एफ/१.८ सहसा सगळ्यात स्वस्त पडते. पण एपीएस-सीवर ती ७५ मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांसाठी मस्त, छोट्या खोलीत मात्र माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. घरगुती कार्यक्रमांसाठी ३५ मिमी बरी. जुना निकॉन घेत असाल तर सांभाळा: डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. तिथे एएफ-एस लेन्स लागते.

मेगापिक्सेलचं काय?

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. १२ × १८ इंची अल्बमचं पान ३०० डीपीआयने छापायला ५४०० × ३६०० पुरतात. त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

सेकंडहँड चालेल का?

नक्की चालेल. नव्या लेन्स आता मुख्यतः मिररलेससाठी येतात, पण बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआरही उत्तम शिकवतो. घेताना तीन गोष्टी करा: मूळ बिल मागा, शटर काउंट तपासा (सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलचं शटर साधारण १ लाख क्लिकचं धरतात) आणि एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: बॉडी, लेन्स, बाकी. काउंटरवर पहिल्या आकड्यासाठी दुसरा खोडावासा वाटेलच. तेव्हा लेन्स सोडू नका, बॉडी एक पायरी खालची घ्या.