मथळा उरला, चित्र गेले : शहापूर-मुरबाडच्या छायाचित्रणाची पूर्वकथा

छायाचित्रणाला विषय कुठून मिळतो, याचे उत्तर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काळानुसार बदलत गेले. डोळ्यांपुढची वस्तू हुबेहूब उतरवून घेण्याची धडपड मात्र इथे कॅमेऱ्याआधीच सुरू झाली होती. मुरबाड आणि जुन्नरच्या सीमेवरील नाणेघाटाच्या लेण्यातील ब्राह्मी लेख १८२८ मध्ये विल्यम साईक्स यांच्या नजरेस पडला. त्यांनी तो पाहून पाहून कागदावर उतरवला. पुढे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. अशी अक्षरे टिपणे सोपे नसते. समोरून उजेड पडला की उथळ कोरीव रेघ दगडात विरून जाते. तिरपा उजेड आला की खाचेत सावली साचते आणि अक्षर उठून दिसते. याच लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत, पण वर कोरलेली नावे वाचता येतात : सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर. चित्र गेले आणि मथळा उरला.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे आणि ते सुकण्याआधीच चित्र घेऊन धुवायचे. त्यासाठी काचा, बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू सोबत लागे. असे ओझे घेऊन घाट चढणे जिकिरीचे, म्हणून रेल्वेने फार मोठा फरक पडला. लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचला. घाटातला चढ ३७ फुटांना १ फूट. डोंगर फोडून काढलेले बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल हा छायाचित्रकारांना नवा विषय मिळाला.

माणसांकडे पाहण्याची तेव्हाची रीत मात्र खटकते. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींवरचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत निघाला. त्यात स्टुडिओत टिपलेली माणसे दुसऱ्याच देखाव्यावर जोडलेली आहेत. पेहराव दिसतो, पण माणूस आपल्या जागेवरून उपटलेला. ठाकूर, कातकरी, वारली यांचे जगणे डोंगर, रान आणि भातखाचर यांच्यापासून वेगळे काढता येत नाही. अशा चित्रपद्धतीत नेमके तेच हरवते.

कोरड्या काचा आणि नंतर फिल्मची गुंडाळी आल्यावर ओझे घटले. कॅमेरा हौशी माणसाच्या खांद्यावर बसला आणि गडांच्या पायवाटांना लागला. शहापूरजवळच्या माहुलीचे सुळके, मुरबाडचे गोरखगड आणि सिद्धगड, पावसाळ्यातला माळशेज घाट ही ठिकाणे आता मुंबई-ठाण्याच्या छायाचित्रकारांच्या पायाखालची झाली आहेत. पावसाळी धबधब्यांची छायाचित्रे उदंड आहेत. त्या मानाने आवणीत वाकलेल्या बाया आणि पेटती राबाची जमीन कमी टिपली गेली. जॉन्सनच्या चित्रांत तुटलेले माणूस आणि त्याच्या जागेचे नाते जिथे अखंड दिसते, अशी एक जागा मुरबाड तालुक्यातच आहे. म्हसा इथे खांबलिंगेश्वराची यात्रा दरवर्षी पौष पौर्णिमेला भरते आणि तिथला बैलबाजार व घोंगड्यांची दुकाने आजही प्रसिद्ध आहेत.