वाणिज्य महाविद्यालयातील एक प्राध्यापक

नागपूरच्या प्रतापनगरात आम्ही राहतो. संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकणारी मुले-मुली जमतात. कोणता विषय आवडतो, असे विचारले तर उत्तर चटकन मिळते. कोणते सर आवडतात, असे विचारले तर मात्र सगळी एकदम बोलू लागतात. विषय बहुधा माणसामुळेच आवडतो, हे त्या गलक्यात आम्हाला नेहमी जाणवते.

आमच्या वस्तीपासून जवळच, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात, 2015 साली नागपूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले वर्ग भरले. 2022 साली ती मिहानमधील स्वतःच्या वास्तूत गेली. तिथून दीक्षाभूमी फार दूर नाही. 1964 पासून तेथे डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे आणि त्यात वाणिज्यही शिकवले जाते. ज्यांचे नाव या महाविद्यालयाला आहे, ते स्वतः एका वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते, हे मात्र टपरीवरच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. दोष त्यांचा नाही. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, धर्मांतर घडवणारे नेते म्हणून ओळखतो. खडू हातात घेतलेले बाबासाहेब आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय 1913 साली सुरू झाले. व्यापार हा पेढीवर बसून शिकायचा, त्याला पदवी कशाला, असे समजण्याचा तो काळ. त्याच वर्षी तरुण भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सेलिग्मन यांच्यासारखा सार्वजनिक वित्ताचा अधिकारी शिक्षक त्यांना लाभला. पुढे लंडनला जाऊन अभ्यास सुरू केला, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये.

चरित्रकार धनंजय कीर यांनी या दिवसांविषयी लिहिले आहे. अस्पृश्य जातीचा माणूस काय शिकवणार, अशा भावनेने विद्यार्थी प्रारंभी उदासीन होते. नंतर त्यांचा व्यासंग आणि विषयाची मांडणी पाहून वर्ग भारावला. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीसुद्धा परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागले. त्याच इमारतीत प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे, याला मात्र काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या दोन गोष्टी एकाच छपराखाली घडल्या, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. विद्यार्थ्यांचा पूर्वग्रह काही तासिकांत वितळला. सहकारी तर शिकलेसवरलेले होते, मागणी आणि पुरवठ्याचे नियम जाणणारे होते. त्यांचा पूर्वग्रह माठापाशी बसून राहिला.

हा प्राध्यापक शिकवत काय असेल? त्याच सुमारास, 1918 मध्ये, भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे जाणते म्हणत. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याला भांडवल आणि साधने किती जोडली यावर ठरते. आणि जमिनीवर पडलेला माणसांचा भार उतरवायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असे त्यांनी मांडले. ज्या वर्गात अशी विचाराची उलटापालट ऐकायला मिळे, तेथे बाहेरची मुले का येऊन बसत, हे वेगळे सांगायला नको.

पगारातून काटकसर करून, परळच्या चाळीत राहून, त्यांनी पुन्हा लंडनला जाण्यासाठी पैसे साठवले. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांना आपले नाव देता आले नाही. मार्चमध्ये त्यांची प्राध्यापकी संपली. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, तिला ते आले आणि जुलैमध्ये लंडनला गेले. तिथे शिक्षक भेटले ते एडविन कॅनन. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. चलन काढण्यात सरकारला मोकळा हात असला की भाव चढतात आणि गरिबाची मिळकत झिजते, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा. त्यासाठी त्यांनी केन्स यांच्या मतालाही विरोध केला. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कॅनन यांनी शिष्याशी असलेले मतभेद नोंदवले आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली. असा गुरू भाग्यानेच मिळतो.

परतल्यावर 1925 ते 1928 या काळात वकिलीच्या जोडीला ते बाटलीबॉय यांच्या लेखापाल प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना करार आणि भागीदारीचे नियम सांगणारे बाबासाहेब! हे चित्र आम्हाला विलक्षण प्रिय आहे.

त्यांचे अर्थविषयक ग्रंथ महाराष्ट्र शासनाने 1989 साली सहाव्या खंडात छापले. संपादक वसंत मून हे आपल्या नागपूरचेच. टपरीवरच्या एका मुलाने तो खंड आमच्याकडून वाचायला नेला आहे. परीक्षा संपून महिना झाला, अजून परत आलेला नाही. आम्हीही मागितलेला नाही.