सावत्र, स्टेप आणि हाफ

ऑफिसच्या विम्याचा फॉर्म भरत होते. नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव टाकलं, नातं 'ब्रदर'. शेजारच्या मैत्रिणीने स्क्रीनवर पाहून सहज विचारलं, "आडनावं वेगळी कशी गं?" मी म्हटलं, स्टेप-ब्रदर आहे. "म्हणजे त्याची आई वेगळी?" नाही, आई एकच. "अगं मग हाफ-ब्रदर म्हण. स्टेप कसा?"

चार वर्षं इंजिनिअरिंग इंग्रजीत शिकले, दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते, आणि सत्ताविसाव्या वर्षी हे कळलं. आई किंवा वडील यांपैकी एक सामाईक असेल तर हाफ. दोघंही वेगळे, फक्त लग्नामुळे भावंडं झालेली, तर स्टेप. मराठीत दोन्हींना सावत्रच म्हणतात. अशा सगळ्या घराला इंग्रजीत ब्लेंडेड फॅमिली म्हणतात हेही त्याच दिवशी वाचलं. मला मिक्सरचं भांडं आठवलं.

आमचं घर लालबागचं. मी तीन वर्षांची असताना बाबा गेले. मी सहावीत जायच्या आत आईने पुन्हा लग्न केलं. बाबा म्हणजे फोटोतले, पप्पा म्हणजे घरातले, अशी सरळ वाटणी होती. 'सावत्र' हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. चाळीत ऐकला, तोही कौतुकात. "सावत्र असून किती करतो बघ पोरीचं!" त्या कौतुकाने मला वाईट का वाटायचं हे तेव्हा कळत नव्हतं.

सावत्रच्या मुळाशी सवत आहे. संस्कृतात सपत्नी, त्यावरून सापत्न. म्हणजे एक पुरुष, त्याच्या दोन बायका आणि त्यांची मुलं, हे चित्र धरून शब्द घडला. आमच्या घरात सवत कुठेच नाही. इंग्रजी 'स्टेप'चा पायरीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' म्हणजे पोरकं, आणि 'स्टेओपचिल्ड' म्हणजे अनाथ मूल. आपला शब्द बायकांच्या भांडणातून आला, त्यांचा मरणातून. इंग्रजांचाही गोंधळ कमी नव्हता. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) सॅम वेलर आपल्या सावत्र आईला 'मदर-इन-लॉ' म्हणतो. त्या काळी तसं चालत असे.

हे वाचता वाचता मी रखमाबाईंपाशी पोचले. त्यांचा खटला शाळेच्या पुस्तकातून माहीत होता, त्यांचं घर माहीत नव्हतं. रखमाबाईंचा जन्म १८६४चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना वारले. त्या सुतार समाजाच्या, आणि त्यांच्यात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. १८५६च्या विधवाविवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. जयंतीबाईंनी ती मिळकत आधीच मुलीच्या नावावर केली.

सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, वनस्पतींचे जाणकार होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी काढली, त्यांतल्या दोन भारतीयांपैकी ते एक. लालबागहून भायखळ्याच्या त्या कॉलेजावरून मी कितीदा गेले असेन. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं, ते सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. एवढ्या कोवळ्या मुलीला नांदायला पाठवायला या सावत्र वडिलांचा विरोध होता. ती घरीच राहिली, वाचू लागली. १८८४मध्ये दादाजी कोर्टात गेले. मिळकतीसाठीच तिला अडवून ठेवलंय, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं. सावत्र घर म्हटलं की लोकांना आधी पैसाच दिसतो, तेव्हाही दिसला.

सखाराम अर्जुन १८८५मध्ये, निकालाआधीच वारले. त्या वर्षी रखमाबाईंच्या बाजूने लागलेला निकाल पुढे फिरला, आणि मार्च १८८७मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आज त्यांचं नाव ठिकठिकाणी 'रखमाबाई राऊत' असं लिहितात. राऊत हे सखाराम अर्जुन यांचं आडनाव.

मग मी कायदा उघडला, हे आमच्या धंद्यातलं व्यसन, डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय चैन पडत नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात तीन रक्तं आहेत: फुल ब्लड, हाफ ब्लड आणि युटेराइन ब्लड. बाप एक, आया वेगळ्या, तर हाफ. आई एक, बाप वेगळे, तर युटेराइन. म्हणजे मैत्रीण बोलण्यात बरोबर होती, कायद्यात चुकली. आणि वारसांच्या अनुसूचीखाली एक स्पष्टीकरण आहे: इथे भाऊ-बहीण म्हणजे युटेराइन भाऊ-बहीण धरायचे नाहीत. बाप एक असलेली बहीण त्या यादीत चालते. एका पोटातून आलेली मी चालत नाही. संस्कृतात सहोदर हा शब्द याच पोटावरून आहे, हे त्या मसुद्यात कुणाला आठवलं नसावं, किंवा आठवून सोडून दिलं असावं. सावत्रमधली ती सवत १९५६मध्येही टिकून होती. पप्पांच्या वारसांत तर सावत्र मुलगी म्हणून माझा उल्लेखच नाही.

रात्री भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो वीस वर्षांचा, त्याला यातलं काही गंभीर वाटत नाही.

"थांब, मृत्युपत्रच करतो," तो म्हणाला. "बाइक ताईला. उरलेले हप्ते पण ताईलाच."

मागून पप्पांचा आवाज आला, "तिने जेवण केलं का विचार."